अक्षरे मुलांच्या हाती द्या

मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजीची जी कृतिपत्रिका येते, तिचा पहिलाच प्रश्न शब्दांच्या खेळांचा आहे. गाळलेली अक्षरे भरा, शब्द वर्णक्रमाने लावा, शब्दसाखळी पुढे न्या. त्यातच एक कृती असते: दिलेल्या शब्दातली अक्षरे वापरून किमान तीन अक्षरांचे चार शब्द तयार करा. दोन गुण, म्हणजे शब्दाला अर्धा. ज्यांनी ही कृती आखली त्यांचा हेतू चांगला होता. आपण मात्र तिचे पाठांतर करून टाकले. गाईडमध्ये आयते शब्द छापलेले असतात, मुले ते घोकतात आणि परीक्षेत वेगळा शब्द आला की पेन खाली ठेवतात. आता तर मोबाइलवर अक्षरे टाकली की शब्दांची यादीच समोर येते. घोकणेही संपले.

भडगाव तालुक्यातल्या मराठी शाळांत मी इंग्रजी शिकवली. निवृत्तीनंतरही संध्याकाळी मुले घरी येतात. त्यांच्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून मी अक्षरांचे तुकडे केले आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, अशी ही मुले. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांतली काही आठवडाभर दिसतही नाहीत. राज्याने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तरी दहा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा साधे स्पेलिंग लिहिताना घाबरतो. ही भीती उपदेशाने जात नाही. खेळाने जाते, हे मी पाहिले आहे.

एकदा मी मुलांना ‘ट्रॅक्टर’ हा शब्द दिला. भडगावच्या मुलाला ट्रॅक्टर काय ते सांगावे लागत नाही. कॅट, रॅट, कार, आर्ट लगेच निघाले. मग कोणीतरी पहिली दोन अक्षरे बाजूला सरकवली आणि ‘ॲक्टर’ सापडला. बऱ्याच वेळाने मागे बसलेली एक मुलगी ओरडली, “सर, माले सापडना!” म्हणजे, मला सापडला. तिने ‘कॅरट’ लावला होता. ट्रॅक्टरमध्ये आर दोन आहेत, हे तिच्या लक्षात आले म्हणूनच गाजर निघाले. ती मुलगी आता ‘कॅरट’मध्ये एकच आर कधी लिहिणार नाही. हा शब्द मी फळ्यावर दहादा लिहून दिला असता, तरी हे झाले नसते.

मराठीत बहुतेक वेळा जे ऐकू येते ते लिहिता येते. इंग्रजीत ‘क’चा उच्चार कधी सी देतो, कधी के, कधी सी आणि के मिळून. पण यातही एक रीत आहे. क्यूच्या मागोमाग जवळजवळ नेहमी यू येतो. सी-के ही जोडी शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येते, सुरुवातीला येत नाही. हे नियम सांगून पाठ होत नाहीत. तुकडे सरकवताना मुलाच्या बोटांना ते कळतात. अमुक अक्षरे असलेला शब्द शोधताना मूल दहा शब्द मनात आणते, नऊ टाकून देते. खरा अभ्यास त्या टाकून दिलेल्या नऊ शब्दांत होतो. यंत्राने उत्तर दिले की तो अभ्यासच बुडतो.

शब्दसाखळी तर आपल्याच भेंड्या आहेत. गावांच्या आणि गाण्यांच्या भेंड्या खेळणाऱ्या मुलांना ती शिकवावी लागत नाही. माझ्याकडची मुले खेळता खेळता एक डाव शिकली: समोरच्याने ई दिला की ‘इंजिन’ म्हणायचे, कारण त्याचे पहिले अक्षरही ई आणि शेवटचेही ई. तोच ई समोरच्याच्या गळ्यात पडतो. शेवटचा न उच्चारला जाणारा ई या मुलांना मग वेगळा सांगावा लागत नाही.

जगानेही हे खेळ गांभीर्याने घेतले आहेत. ‘ॲलिस’ लिहिणारे लुईस कॅरल यांनी 1879 मध्ये एकेक अक्षर बदलत एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जाण्याचे कोडे छापले. कॅट, कॉट, डॉट, डॉग असे ते चालते आणि पाचवीच्या वर्गातही रंगते. अमेरिकेतल्या मंदीत काम गमावलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून स्क्रॅबल हा अक्षरांच्या तुकड्यांचा खेळ रचला. म्हणून इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 तुकड्यांत ई 12 आहेत, तर क्यू आणि झेड एकेकच, आणि त्यांना गुण मात्र दहा-दहा. इंग्रजी भाषा कशी बनली आहे, हे त्या तुकड्यांच्या पिशवीत हात घालताच कळते.

याची मर्यादाही मी जाणतो. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, 2024 मध्ये स्पॅनिशचेही. शब्द सापडणे आणि भाषा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून माझ्याकडे नियम आहे: शब्द सापडला की त्याचा अर्थ सांगायचा आणि एक वाक्य करायचे, तरच गुण. वाक्य मोडकेतोडके असले तरी चालेल, पण स्वतःचे हवे.

राज्य मंडळाने हाच नियम कृतिपत्रिकेत आणावा. चार शब्दांपैकी निदान एकाचे वाक्य मागावे. गाईडमधली यादी त्या दिवशी निरुपयोगी होईल. प्रत्येक मराठी शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटे अक्षरांचा खेळ असावा. त्याला निधी लागत नाही, संगणक लागत नाही, इंटरनेट लागत नाही. शिक्षकांनी शब्द मुलांच्या जगातून द्यावेत: ट्रॅक्टर, कॉटन, बँक, पोस्टमन.

आणि पालकांना एक विनंती. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तरी हा खेळ तुमच्या घरात होऊ शकतो. पुठ्ठा कापा, अक्षरे मुलालाच लिहू द्या. ई आणि ए जास्त ठेवा, क्यू एकच. मूल अडले तर मोबाइल पुढे करू नका. त्याला अडू द्या, शोधू द्या. जो शब्द त्याने स्वतः शोधला, तो त्याच्याकडून कोणतीही परीक्षा काढून घेऊ शकणार नाही.