चौथ्यांदा वाचू नका

इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा (तिथे तिला ‘लायब्ररी’ म्हणतात, पुस्तक मात्र आपलं आपण न्यायचं), निम्मी पानं पिवळीजर्द रंगवलेली दिसतील. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरातच. त्यामुळे इथे उमेदवारांना तोटा नाही आणि सल्लागारांनाही नाही. ठरलेला सल्ला असा : चारदा वाचा, रंगवा, डोक्यात बसेल.

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो पडताळला. काहींनी उतारा चारदा वाचला. काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला येतंय याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती!

ओळखीचं वाटणं आणि येणं यांत आपण गल्लत करतो. राजवाडा कुठला इंदुरी ओळखणार नाही? पण त्याला मजले किती, हे विचारा. बरेच जण वर बघायला लागतील. सात आहेत.

आता उलट टोकाचे लोक. त्यांच्या मते घोकणं म्हणजेच पोपटपंची. हेही मला पटत नाही. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले, वडील शाहमीर खाँ यांच्याकडे शिकले. त्यांच्या गायकीचा कणा असलेला मेरुखंड हे घोकणंच आहे, पण फिरवून घोकणं. सा रे ग म या चारच स्वरांची मांडणी २४ प्रकारे होते, सातांची ५०४०. दरवेळी स्वर तेच, वाट निराळी; जीभ सवयीने पुढे धावूच शकत नाही.

गाण्याचं परीक्षेला काय, असं कुणी विचारेल. व्याजाची पन्नास गणितं ओळीने सोडवणारा व्याजात पक्का होतो, पण पेपरात वर ‘प्रकरण सातवे : व्याज’ असं छापलेलं नसतं. म्हणून व्याज, नफा-तोटा, काळ-काम-वेग मिसळून सोडवावं. आज वाचलेलं पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उतरवावं, परवा पुन्हा, मग आठवड्याने. अडखळायला होतं, चिडचिड होते, होऊ द्यावी.

एवढा वेळ कुठून आणायचा? चौथ्या वाचनातून. तिसऱ्यातूनही काढता येईल.