पावसाला सोडा, काचेकडे बघा

मिलिमीटर लहरींवर चालणाऱ्या 5जीचा विषय काढला की मुंबईकराचा पहिला प्रश्न ठरलेला: पावसात टिकेल का हे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झेललेल्या शहराने आणखी काय विचारावं? पण हिशेब मांडला की ही धास्ती फारशी उरत नाही. ताशी 100 मिलिमीटरच्या धो धो पावसातून 26 गिगाहर्ट्झची लहर 200 मीटर गेली, तर तिची ताकद साधारण निम्म्यावर येते. शहरात या लहरींचा पल्ला धरतात तोही तेवढाच. आणि निम्म्याची तूट रेडिओ इंजिनिअर आधीच हिशेबात धरतो.

खरी गोची आहे काचेची. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या टेड रॅपापोर्ट यांच्या चमूने न्यूयॉर्क शहरात 28 गिगाहर्ट्झवर मोजमापं घेतली आणि 2013 साली प्रसिद्ध केली. साध्या काचेतून जाताना सिग्नल 4 डेसिबलपेक्षा कमी घटला. विटांच्या खांबात 28 डेसिबल गेले. आणि इमारतीच्या बाहेरच्या रंगीत काचेत? 40 डेसिबल. म्हणजे दहा हजार भाग निघाले, तर आत पोचला एक. ऊन अडवणाऱ्या काचांवर बहुधा धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो उन्हाबरोबर सिग्नललाही परतवून लावतो. एसीचं बिल वाचवणारी काच मोबाइलची रेंज खाते, असा हा सौदा.

गंमत म्हणजे आत न सोडणाऱ्या याच भिंती रस्त्यावर मदतीला येतात. टॉवर नजरेआड असला तरी समोरच्या इमारतीवर आपटून आलेला सिग्नल त्या चमूला अनेक ठिकाणी मिळाला. लहरीची लांबी जेमतेम सेंटीमीटरभर, त्यामुळे तळहाताएवढ्या पट्टीवर डझनावारी अँटेना बसतात आणि सगळ्या मिळून सिग्नलचा झोत हव्या त्या दिशेला वळवतात. सरळ वाट बंद झाली की झोत भिंतीवरून फिरवायचा. फोनमधली पट्टी मात्र बोटांखाली झाकली की आंधळी होते, म्हणून या लहरी पकडणाऱ्या फोनना वेगवेगळ्या कडांना दोन-तीन पट्ट्या बसवतात. (जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकात कोलकात्यात 5 मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले होते. त्यांना निदान ग्राहकाच्या बोटांची चिंता नव्हती.)

अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने एप्रिल 2019 मध्ये शिकागो आणि मिनिआपोलिसमध्ये मिलिमीटर लहरींची 5जी सेवा फोनवर आणली, तीही शहराच्या मोजक्याच भागांत. आपल्याकडे 2022 च्या लिलावात जिओ आणि एअरटेलने देशभरासाठी 26 गिगाहर्ट्झचे पट्टे घेतले. ते गल्लोगल्ली चालत्या माणसाच्या खिशात पोचवण्याचा हट्ट धरू नये, असं माझं मत आहे. खच्चून भरलेलं स्टेडियम, मोठं रेल्वे स्थानक, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरचं इंटरनेट, या त्यांच्या जागा. घरासाठी रिसीव्हर गच्चीवर किंवा खिडकीबाहेर लावायचा आणि आत वायर न्यायची. काचेचा प्रश्नच मिटला.

पण त्यासाठी गच्चीवर जागा हवी आणि तिथून प्रत्येक मजल्यावर उतरणारा वायरचा पाइप हवा. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच महापालिकांनी तो सक्तीचा करावा. एकदा लोक राहायला आले, की सोसायटीच्या सभेत भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळवणं 40 डेसिबलची काच भेदण्यापेक्षा अवघड असतं.