माणगाव शोधले, रायगड सापडले

शाहूवाडी तालुक्यातील एक तरुण कार्यकर्ता मध्यंतरी आमच्याकडे आला होता. मलकापूरच्या पुढे, आंबा घाटाच्या रस्त्याला त्याचे गाव. विहारात २१ मार्चला बोलायचे म्हणून त्याने मोबाईलवर ‘माणगाव’ हा एवढाच शब्द टाकला. समोर काय आले? रायगड जिल्ह्यातील माणगाव, तेथील कोकण रेल्वेचे स्टेशन आणि मुंबई-गोवा महामार्गावरील वाहनांच्या रांगा. ज्या माणगावात २१ व २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, ज्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः येऊन ‘हाच तुमचा पुढारी’ अशा अर्थाची ग्वाही दिली, ते कोल्हापूर जिल्ह्यातील माणगाव मात्र खाली कुठेतरी दडलेले होते. ‘परिषद’, ‘शाहू महाराज’ असे शब्द जोडल्यावर ते वर आले. तेथेही एकच मजकूर आठ-दहा ठिकाणी, शब्दाला शब्द तोच, चुकाही त्याच.

तो म्हणाला, “सर, मंडळाचा ब्लॉग हाय आमचा. आठ वर्सं झाली. माणगाववर तीन लेख हायत त्यात. मग ते का दिसंनात?”

आम्ही ते तीन लेख उघडून पाहिले. पहिला म्हणजे छापील पत्रकाचा मोबाईलवर काढलेला फोटो. दुसरा जुन्या ‘शिवाजी’ फॉन्टमधला, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिसरा तेवढा नीट टाइप केलेला होता, पण त्याचे शीर्षक होते ‘विनम्र अभिवादन’, आणि पहिल्या दोन परिच्छेदांत माणगाव हा शब्दच नव्हता. या तिसऱ्या लेखात एक गोष्ट अशी होती की ती आम्ही आजवर कोठेही वाचलेली नाही. गावातील ऐंशी ओलांडलेल्या एका आजींचे सासरे त्या परिषदेला भाकरी बांधून पायी गेले होते. ही आठवण त्या आजींपाशी आहे आणि या न सापडणाऱ्या लेखात आहे. तिसरीकडे कोठेही नाही.

आमच्या चळवळीला न दिसण्याचा अनुभव नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, आणि तेही टिळक हयात असताना. बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मधून हे नमूद करून ठेवले. त्या काळी दार अडवून उभा असणारा माणूस डोळ्यांना दिसत होता. त्याच्यावर टीका करता येत होती. आज गुगलच्या दारात तसा कोणी संपादक बसलेला नाही. प्रस्थापित माध्यमांची संकेतस्थळे मोठी, त्यांच्याकडे पगारी माणसे, म्हणून ती वर येतात, हे खरेच आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रारही आहे. पण त्या तीन लेखांना कोणीही अडवले नव्हते. ते आपणच गाठोड्यात बांधून ठेवले होते.

आणि हा दोष एकट्या शाहूवाडीच्या मंडळाचा नाही. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे या पानावरचे अग्रलेख जुन्या फॉन्टमध्ये जुळवले आणि पानाचे चित्र करून इंटरनेटवर टाकले. नामांतराच्या लढ्यावर, खैरलांजीवर, गायरान जमिनींवर केलेले ते लिखाण आज शोधायला जा, एक ओळ हाती लागत नाही. दुसऱ्याला शिकवण्याआधी हे कबूल केलेले बरे.

शोधयंत्र काय करते ते समजून घेतले की यात गूढ काही राहत नाही. त्याचा एक प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर फिरत पाने वाचतो, त्यातील शब्दांची सूची करतो, आणि कोणी विचारले की त्या सूचीतून पाने काढून क्रमाने मांडतो. तो अक्षर वाचतो. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे अक्षर हे फक्त रूप असते, आत साठवलेले असते इंग्रजी चिन्ह. म्हणून आपण ‘माणगाव’ वाचतो तेथे यंत्राला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ही सोय १९९१ पासून आहे. चित्रातील अक्षरे आता यंत्रे थोडीफार वाचू लागली आहेत, पण विटलेल्या पत्रकाचा वाकडा फोटो वाचायचे कष्ट ते घेईल या भरवशावर कोणी राहू नये. व्हॉट्सॲपवर फिरणारे लेख तर त्याच्या दृष्टीस पडतच नाहीत. आपण तेथे रोज हजारो शब्द लिहितो आणि रात्री फोन भरला म्हणून पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या लेखांची शीर्षके पाहा: ‘क्रांतिकारी जयभीम’, ‘गौरवशाली इतिहास’, ‘समाजा, जागा हो!’ सभेत ही शीर्षके शोभतात. पण ज्याला आरक्षणाचा इतिहास हवा आहे तो ‘गौरवशाली इतिहास’ असे टाइप करील काय? तो ‘पहिले आरक्षण कोणी दिले’ असे विचारील. तेव्हा शीर्षकच असे द्यावे की ‘२६ जुलै १९०२: करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखीव ठेवणारा शाहू महाराजांचा जाहीरनामा’. लांब झाले तरी हरकत नाही. कोण, कोठे, केव्हा हे शीर्षकात आणि पहिल्या चार ओळींत यावे. माणगाव लिहिताना ‘हातकणंगले तालुका, कोल्हापूर जिल्हा’ हे सोबत हवेच. शाहूवाडीकरांना तर हे दुप्पट लागू आहे, कारण मलकापूर बुलढाण्यातही आहे आणि कऱ्हाडजवळही. गावातल्या माणसाला ‘आमचे मलकापूर’ पुरते, यंत्राला पुरत नाही. ‘काल येथे सभा झाली’ या वाक्याला तर दोन महिन्यांनी काहीच अर्थ उरत नाही.

लोक बाबासाहेबांचे नावही एका रीतीने लिहीत नाहीत. मराठीत आंबेडकर, हिंदीत अंबेडकर, आणि निम्मी तरुण मुले रोमन लिपीत टाइप करतात. शाहूवाडीतला ‘हू’ कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. शोधयंत्र यातले बरेचसे सांभाळून घेते, तरी लेखात एखाद्या ठिकाणी दुसरे रूप सहज येऊ दिले तर शुद्धलेखनाचे आभाळ कोसळणार नाही. मात्र त्याचा अतिरेक नको. एका संकेतस्थळावर पानाच्या तळाशी ‘जयभीम’ हा शब्द चाळीस-पन्नास वेळा लिहिलेला आम्ही पाहिला. असे केल्याने पान वर येत नाही, उलट यंत्र त्याला लबाडी समजते. याच मंडळाकडून एका एजंटाने ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणून साडेतीन हजार रुपये नेले होते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच सांगून ठेवले आहे. वर्गणीचा पैसा अशा माणसाला देऊ नका. आपले पान सूचीत आले की नाही, लोक कोणते शब्द टाकून तेथे पोहोचले, हे दाखवणारे ‘सर्च कन्सोल’ फुकट मिळते. ते बघायला संध्याकाळचा अर्धा तास पुरतो.

आता दुव्यांविषयी, कारण येथेच आपण सर्वांत कमी पडतो. गुगलची मूळ कल्पना १९९८ ची: एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवले आहे, यावर त्याचे वजन ठरवायचे. कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला संगणक नको. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले, आणि त्या दुकानाला वजन आले. ‘मूकनायक’ला महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली, त्यातही पैशाइतकेच महत्त्व नावाला होते. आज आपली मंडळे, विहारे, कर्मचारी संघटना, विद्यार्थी संघटना यांची शेकडो पाने असतील, पण एक दुसऱ्याचा दुवा देत नाही. गट वेगळा, नेता वेगळा, झेंड्याची निळाई वेगळी! दुसऱ्याचा लेख आवडला तर आपण तो उचलून आपल्या नावावर टाकतो. यंत्राला एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला की ते त्यातला एखादाच दाखवते, आणि तो मूळ लिहिणाराचाच असेल याची खात्री नाही. उचलू नका, दुवा द्या. गटबाजी मिटवण्याचे काम आमच्या एका लेखाने होणार नाही, पण दुवा द्यायला युती करावी लागत नाही.

लिहायला मजकूर नाही, अशी सबब कोणी सांगू नये. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, तेवढे भान ठेवावे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’मधील त्यांचे अग्रलेख टाइप करून मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी ठेवायला आज कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याहून मोलाचे ते, जे फक्त तुमच्या गावात आहे. शाहूवाडी शोधली की विशाळगड येतो, बर्कीचा धबधबा येतो, आंबा घाटातील मुक्कामाच्या जाहिराती येतात. येवोत. त्या तालुक्यात आमची माणसेही राहतात, त्यांनी पाण्यासाठी, जमिनीसाठी काय केले याची चार पानेही तेथे असली पाहिजेत. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुस्लीम बांधवांच्या घरांवर हल्ला झाला. त्या दिवसाविषयी वाहिन्यांनी जे सांगितले ते इंटरनेटवर राहीलच. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनी तारीखवार लिहिले नाही तर पुढच्या पिढीला एकच बाजू सापडेल. हल्ली तर शोधयंत्र पाने दाखवण्याआधी स्वतःच उत्तर रचून देऊ लागले आहे. ते रचणार कशातून? जे लिहिलेले सापडेल त्यातूनच.

त्या तरुणाला आम्ही दोन तास बसवून घेतले. फोटोतील पत्रक गुगल ड्राइव्हमधून उघडले की त्यातील मराठी बरीचशी टाइप होऊन येते, चुका हाताने दुरुस्त कराव्या लागतात. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही फुकट आहेत. घाटात रेंज जेमतेम, म्हणून मोठमोठी चित्रे काढून टाकली. फोटो ठेवलाच तर त्याखाली माणसांची नावे आणि साल. तिसऱ्या लेखाचे शीर्षक बदलून ‘माणगाव परिषद १९२०: शाहूवाडी तालुक्यातून पायी गेलेले कार्यकर्ते’ असे केले. आमच्या जुन्या अग्रलेखांचे कामही त्याच आठवड्यात सुरू झाले, दोन मुली रोज तीन लेख टाइप करीत आहेत.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. ‘माणगाव परिषद शाहूवाडी’ असे टाकले की त्याचा लेख आता पहिल्या पाचात येतो. नुसते ‘माणगाव’ टाकले तर अजून रायगडच. मुंबईहून एका कुटुंबाने तो लेख वाचून त्याला कळवले, की आमचे पणजोबाही त्याच वाटेने गेले होते. आता तो रविवारी आजींसमोर मोबाईल धरून बसतो. त्या बोलतात आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. ‘सासरे’ लिहायच्या ठिकाणी फोन कधी ‘सासर’ लिहितो, कधी ‘साखर’. मग आजी थांबतात आणि विचारतात, “काय चुकलं व्हय रं त्याचं?”