विश्लेषण : बंदूक घरी, काडतूस बॅगेत! शिकारीचे साहित्य परदेश प्रवासात कसे अडचणीत आणते?

हरणाच्या शिकारीसाठी वापरलेली बॅग. तीच पुढे सहलीला नेली. तळाशी चार काडतुसे राहून गेली होती. अमेरिकेतून निघताना विमानतळावरच्या तपासणीत ती कुणाच्या लक्षात आली नाहीत. परतीच्या प्रवासात मात्र दुसऱ्या देशातल्या विमानतळावर ती सापडली आणि समोर उभा राहिला किमान १२ वर्षांच्या तुरुंगवासाचा कायदा. बंदूक सोबत नव्हती, वाईट हेतूही नव्हता. तरीही गुन्हा कसा दाखल होतो? भारतीय प्रवाशांनी यातून काय शिकायचे?

नेमके काय घडले?

ही घटना एप्रिल २०२४ मधील, बहामाजवळच्या टर्क्स अँड कैकोस या ब्रिटिश आधिपत्याखालील बेटांवरची. त्या काही महिन्यांत एकूण पाच अमेरिकी पर्यटक तिथे अशाच कारणाने अडकले. जामीन मिळाला, तरी बेट सोडता येईना. फेब्रुवारीत अडकलेल्या एकाची सुटका मेअखेरीस झाली. काडतुसे हुकल्याचे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने मान्य केले, पण त्याने आरोप टळला नाही. अखेर न्यायालयाने ‘अपवादात्मक परिस्थिती’ मान्य करून निलंबित शिक्षा आणि दंडावर बहुतेक प्रकरणे निकाली काढली. जून २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून न्यायाधीशांना शिक्षा ठरवताना अधिक मोकळीक दिली.

इतका कडक कायदा कशासाठी?

या बेटांवर बंदुका तयार होत नाहीत. टोळ्यांच्या हाती पडणारी शस्त्रे आणि काडतुसे बाहेरूनच येतात. त्यामुळे कायदा तस्कर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. ‘विसरलो’ ही सबब तस्करही सांगणार, म्हणून सबबीला जागाच ठेवली नाही. सिंगापूरचा कायदाही असाच कठोर आहे. तिथे शस्त्र किंवा काडतूस बेकायदा बाळगल्यास किमान पाच वर्षे कैद आणि किमान सहा फटके अशी शिक्षेची तरतूद आहे.

तपासणीत काडतूस सुटते कसे?

स्कॅनरमधील क्ष-किरण वस्तूची घनता आणि तिचा प्रकार ओळखतात. कपडे, कागद, अन्न नारिंगी दिसते, धातू निळसर, तर शिशासारखा जड धातू जवळजवळ काळा. काडतूस आडवे असेल तर आकार लगेच ओळखू येतो. पण ते उभे राहिले, म्हणजे त्याचे बूड किरणांच्या दिशेने आले, तर पडद्यावर फक्त एक छोटा गोल ठिपका दिसतो. चार्जर, नाणी, चेन यांच्या गर्दीत तो हरवतो. दुसऱ्या विमानतळावर बॅग वेगळ्या कोनात सरकते आणि तेच काडतूस स्पष्ट दिसते. म्हणून ‘निघताना तपासणी झाली होती’ हा बचाव तांत्रिकदृष्ट्या आणि कायदेशीरदृष्ट्याही कच्चा आहे.

सुटे भागही शस्त्रच?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एका देशात क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळणारी वस्तू दुसऱ्या देशात बंदी असलेली असू शकते.

मॅगझिन : अमेरिकेच्या अनेक राज्यांत १० किंवा अधिक काडतुसांचे मॅगझिन सर्रास मिळते. कॅनडात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर रायफलींसाठी मर्यादा पाच काडतुसांची. त्याहून मोठे मॅगझिन हे स्वतःच ‘निषिद्ध उपकरण’ ठरते, रायफल सोबत असो वा नसो.

सायलेन्सर : न्यूझीलंड, नॉर्वेमधील शिकारी तो नेहमी वापरतात. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आहे. भारताच्या शस्त्र नियमांत आवाज किंवा भडका कमी करणारी जोडणी सर्वांत कडक गटात मोडते.

दुर्बीण : रायफलवर बसवायची दुर्बीण अमेरिकेबाहेर नेणे ही तिथल्या कायद्याने ‘निर्यात’ आहे. वैयक्तिक सामानाला काही सवलती आहेत. पण विकण्यासाठी किंवा कुणाला देण्यासाठी नेल्यास परवान्याचा प्रश्न उभा राहतो. नाइट व्हिजन आणि थर्मल दुर्बिणींवर याहून कडक बंधने आहेत. तेव्हा गावाकडच्या मित्राने ‘येताना एक घेऊन ये’ म्हटले, तरी आधी नियम पाहावेत.

भारतातला कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे भागही येतात. कलम १० नुसार परवान्याविना शस्त्र किंवा काडतूस देशात आणता वा देशाबाहेर नेता येत नाही. कायद्याने शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्यांना स्वतःच्या वापरापुरती मर्यादित मुभा आहे. मात्र भारतीय परवाना परदेशी भूमीवर आपोआप चालत नाही.

दुसरीकडे आपल्या न्यायालयांनी हेतूला महत्त्व दिले आहे. वस्तू जवळ असणे पुरेसे नाही, ती जवळ आहे याची जाणीवही असली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात मांडले. १९९४ च्या संजय दत्त खटल्यात घटनापीठाने तेच अधोरेखित केले. कलम ४५ (ड) मध्ये किरकोळ सुट्या भागांना सशर्त सूटही आहे. याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने विमानतळावर एखादे काडतूस सापडल्याचे अनेक गुन्हे रद्द केले आहेत.

पण तिथवर पोहोचेपर्यंत विमान चुकते, पोलीस ठाण्यात रात्र जाते, वकिलाचा खर्च होतो. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडू शकतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तर ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न थेट विचारला जातो.

हा प्रश्न आपल्या दारात कसा?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे शिकारीचा छंद भारतात कायदेशीर राहिला नाही. परवानाधारक मात्र आहेत. कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेली घरे गावोगावी सापडतात. नेमबाज आहेत, निवृत्त जवान आहेत. घरातली सॅक एकाची, प्रवास दुसऱ्याचा, असे सर्रास होते. वडिलांच्या बॅगेतले काडतूस मुलाच्या नावावर गुन्हा होऊन बसते.

कडकपणाची दुसरी बाजू

२०१५ मध्ये फिलिपिन्समधील मनिला विमानतळ ‘तानिम बाला’ प्रकरणांनी गाजला. प्रवाशांच्या बॅगेत गोळी टाकून पैसे उकळले जातात, अशा तक्रारी होत्या. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने धोरण बदलले. गोळी जप्त करायची, नोंद करायची आणि प्रवाशाला जाऊ द्यायचे. कायदा जितका आंधळा, तितकी लाचखोरीला वाव जास्त, हा त्यातला धडा.

भारतातही असा मधला मार्ग हवा. सोबत शस्त्र नाही, काडतूस एखादेच आणि पूर्वीचा गुन्हा नाही, अशा वेळी जप्ती, जबाब आणि नोंद करून सोडण्याची देशभर एकसमान पद्धत गृह मंत्रालयाने आखावी. दुसऱ्यांदा सापडल्यास गुन्हा जरूर दाखल व्हावा. अखेर न्यायालयात रद्दच होणारे खटले भरून सुरक्षा वाढत नाही, फक्त पोलीस आणि न्यायालयांचा वेळ जातो. परवाना देताना जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त कार्यालयांनीही प्रवासाबाबतच्या सूचनांचे एक पान मराठीत द्यावे.

बॅग भरण्यापूर्वी हे करा

• शिकार, सराव किंवा शेतावरच्या पहाऱ्यासाठी वापरलेली बॅग विमानप्रवासाला नेऊच नका.
• उसनी बॅग घेतली तर सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तराच्या आतही हात घाला.
• रिकामी पुंगळी, काडतुसाची किचेन, छर्रे आठवण म्हणून आणू नका.
• काडतुसे कायदेशीररीत्या न्यायचीच असतील तर विमान कंपनीची आधी परवानगी घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती फक्त चेक-इन सामानात आणि प्रति प्रवासी पाच किलोपर्यंतच नेता येतात.
• जाण्याच्या देशाइतकेच मधल्या थांब्याच्या देशाचेही नियम पाहा.
• परदेशात अडकलात तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधू देण्याची मागणी करा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

कायदे बदलायला वेळ लागेल. बॅग झटकायला पाच मिनिटे पुरतात.