तास मोजले, व्होल्ट कोण मोजणार?

शेतीला वीज किती तास मिळते, यावर महाराष्ट्रात आंदोलने झाली, विधानसभेत गदारोळ झाला, निवडणुकांत आश्वासनांची खैरात झाली. दिवसा की रात्री, हा वाद गावागावांत तोंडपाठ आहे. ती वीज किती व्होल्टने येते, हा प्रश्न मात्र बांधाच्या बाहेर येत नाही. थ्री फेज आली, बटण दाबले, मोटार नुसती गुरगुरली आणि उचललीच नाही, तरी वेळापत्रकात ते तास पुरवठ्याचे म्हणूनच धरले जातात.

यामागचा हिशेब नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. विजेची शक्ती काढायची तर व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करायचा. मुले यावर बल्बची आणि इस्त्रीची गणिते सोडवून गुण मिळवतात. तेच गणित डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या विहिरीपर्यंत कोणी मांडत नाही.

मांडून पाहू. समजा, डीपीवर प्रत्येक फेजला 240 व्होल्ट आहेत आणि तिथून निघालेल्या एकेका तारेचा शेवटपर्यंतचा रोध एक ओहम आहे. (वायरमन जिला ‘वीझल’ म्हणतात, त्या तारेचा किलोमीटरमागे रोध जवळपास इतकाच असतो.) पाच हॉर्सपॉवरची मोटार साधारण आठ अँपिअर घेते. लाइनच्या टोकाला अशा पाच मोटारी चालू असतील, तर तारेतून 40 अँपिअर जाणार. चाळीस गुणिले एक, म्हणजे ढोबळमानाने 40 व्होल्ट वाटेतच खर्ची पडले आणि विहिरीवर उरले 200.

तारेत जळणारी वीज अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाळीसचा वर्ग 1600. एका तारेत 1600 वॉट, तीन तारांत मिळून 4800. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3730 वॉट. थोडक्यात, एका पंपाच्या कामापेक्षा जास्त वीज नुसत्या तारा तापवण्यात गेली.

गोष्ट इथेच थांबत नाही. गीझरला व्होल्ट कमी मिळाले तर तो अँपिअरही कमी घेतो, पाणी उशिरा तापते, एवढेच. मोटारीचे उलटे आहे. पाणी तेवढेच वर चढवायचे असल्याने व्होल्ट घटले की ती अँपिअर वाढवून घेते. 240 चे 200 झाले की अँपिअर साधारण 1.2 पट होतात आणि वाइंडिंगमधली उष्णता 1.44 पट. मोटारीचे अँपिअर वाढले की तारेतले व्होल्ट आणखी पडतात. सुरू होतानाचा जोरही 70 टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणून ती गुरगुरते. मग मोटार वर काढायची, रिवाइंडिंगला टाकायची, आणि तोवर ऊस किंवा कांदा वाळताना पाहायचा. राज्यात 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. रिवाइंडिंगचे बिल मात्र शेतकऱ्याच्याच नावे फाटते.

ज्याच्या नावाने रोध मोजतात, त्या खुद्द ओहमलाही अस्थिर विद्युतदाबाने छळले होते. जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या या माणसाच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने त्याने बॅटरी सोडली आणि तांबे व बिस्मथ यांची जोडी वापरली. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. दाब स्थिर झाला, आकडे जुळले. 1827 मध्ये त्याचे पुस्तक आले, तेव्हा जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळायला 1841 उजाडले.

उपाय महावितरणला ठाऊक नाही असे अजिबात नाही. 2018 मध्ये आणलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीच्या योजनेत 11 हजार व्होल्टची लाइनच विहिरीजवळ न्यायची आणि एक-दोन पंपांना छोटा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यायचा, असे ठरले. दाब 26 पट, म्हणून अँपिअर 26 पट कमी आणि त्याच तारेतला तोटा सुमारे 700 पट कमी. गणित चोख होते. पण ती योजना नव्या जोडण्यांसाठी होती; जुन्या, लांबलचक लघुदाब लाइनींवरच्या पंपांना तिचा काय उपयोग?

दोष एकट्या कंपनीचा नाही. मंजुरी पाच हॉर्सपॉवरची आणि विहिरीत साडेसातची, हे चालते. ऑटो स्विच बसवले की वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि उठताना प्रत्येकीला नेहमीच्या पाच-सात पट अँपिअर लागतात. कॅपॅसिटर लावल्याने पॉवर फॅक्टर 0.8 वरून 0.95 वर गेला, तर तारेतला तोटा जवळपास 30 टक्क्यांनी उतरतो; तरी तो काढून ठेवणारे कमी नाहीत.

पण आपल्या लाइनला किती व्होल्ट मिळतात हेच माहीत नसेल, तर शेतकऱ्याने कोणत्या हिशेबावर विश्वास ठेवायचा? राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांत लघुदाब पुरवठ्याला सहा टक्क्यांच्या फरकाची मुभा आहे. वरच्या उदाहरणात तो 17 टक्के निघतो. तेव्हा महावितरणने शेतीच्या वेळापत्रकात तासांशेजारी व्होल्टचा रकाना वाढवावा, आणि तो आकडा डीपीवरचा नको, लाइनच्या शेवटच्या पंपावरचा हवा, तोही सगळ्या मोटारी चालू असतानाचा. तोवर शेतकऱ्यांनी स्वतः सुरुवात करायला हरकत नाही. अनेक स्टार्टर पेट्यांवर व्होल्टमीटर असतोच. मोटार चालू करण्याआधी काटा कुठे होता आणि चालू असताना कुठे आला, हे दोन आकडे तारखेसह वहीत लिहून तक्रार अर्जाला जोडता येतात.