अर्धवेळ काम : तास कोणी ठरवायचे?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर पडले की औषधांची दुकाने, कपड्यांची दालने, खाद्यगृहे आणि खाजगी शिकवण्या यांच्या दारांवर ‘मुले-मुली पाहिजेत, अनुभवाची गरज नाही’ अशा आशयाचे फलक दृष्टीस पडतात. आपल्या धर्मग्रामांतील महाविद्यालयीन तरुण-तरुणीही अशी कामे करीत आहेत. काही पालकांना त्यात कमीपणा वाटतो, तर काहींना घरखर्चाला हातभार लागल्याचे समाधान. या कामाचे खरे मोल मात्र महिनाअखेरीस हाती पडणाऱ्या रकमेपुरते नाही. अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलणे, दिवसाचा हिशेब जुळवणे, चूक झाल्यास ती कबूल करणे या गोष्टी वर्गात शिकवता येत नाहीत. पदवीनंतरच्या पहिल्या मुलाखतीत ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर असते, त्याची भीती निम्मी सरलेली असते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात गरीब घरची मुले ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिकली. त्याच नावाची योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही राबवली. त्यात विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करतात. या व्यवस्थेचे मर्म असे, की कामाचे तास अभ्यास सांभाळून ठरतात.

आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. ‘चार तास’ म्हणून घेतलेल्या मुलीला सणासुदीत दुपारपासून रात्रीपर्यंत थांबवले जाते आणि तिची तासिका बुडते. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, हे मालकाला ठाऊक नसते आणि नोकरी जाईल या भीतीने ती सांगतही नाही.

शासनाच्या योजनेतूनही ही उणीव भरून निघत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने करण्यात आली. योजना स्वागतार्ह खरी. पण ज्यांचे शिक्षण चालू आहे, त्यांना तिच्यात प्रवेश नाही. शिकता शिकता कमावू पाहणारा विद्यार्थी बाहेरच राहतो.

कायद्याने मात्र थोडा आधार दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, आणि किमान वेतन तासाच्या हिशेबानेही ठरवता येते. मोटारसायकलवरून घरोघरी माल पोहोचवणाऱ्या तरुणांची गोष्ट निराळी. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख आला, परंतु किमान वेतनाचे संरक्षण त्यांना मिळालेले नाही.

अंतराचा विचारही व्हावा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. पाच-सहा हजारांसाठी डोंबिवलीच्या मुलाने रोज ऐन गर्दीत दादर गाठावे, यात हिशेब बसत नाही. घराजवळचे काम थोडे कमी पैशांचे असले तरी पत्करावे.

राहिला रविवार. दुकानांना माणसे हवी असतात ती शनिवार-रविवारीच. त्यावरून घरोघरी वाद होतात. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी ग्राह्य धरली जाते, हे मुलांना ओरडण्याआधी पालकांनी लक्षात घ्यावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रातही कामाच्या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली आहे.

पालकांनी पहिल्या पगाराचा आकडा विचारण्याआधी नेमणूकपत्र पाहावे, त्यात तास लिहिले आहेत का ते वाचावे. आणि धर्मग्रामातील जी मंडळी स्वतः दुकान, दवाखाना किंवा शिकवणी चालवतात, त्यांनी परीक्षेच्या महिन्यात तास कमी करण्याची मुभा पहिल्याच दिवशी लेखी द्यायला काय हरकत आहे?