ऋतुराज आणि रिकामी खुर्ची

मैलापुरात चार मराठी घरे एकत्र आली, की पोह्यांच्या बश्या रित्या होण्याच्या आत विषय चेपॉकवर येतो आणि चेपॉकवरून ऋतुराज गायकवाडवर. चेन्नई सुपर किंग्जचा २०२५ सालचा हंगाम केव्हाच सरला. चौदा सामन्यांत अवघे चार विजय आणि दहा संघांत दहावे स्थान ही त्याची फलश्रुती. वाद मात्र सरला नाही. एक पक्ष म्हणतो, पुण्याच्या पोरावर मद्रासवाल्यांनी अन्याय केला. दुसऱ्या पक्षात आमच्या कचेरीतील तमिळ स्नेह्यांचा भरणा अधिक. त्यांचे म्हणणे, धोनीची गादी ज्याला पेलली नाही त्याची वकिली कशासाठी करता? आमचे या दोघांशीही जमत नाही.

पहिल्या पक्षाचा आक्षेप आधी निकालात काढू. ज्याच्यासाठी ऋतुराजने सलामीची जागा सोडली तो राहुल त्रिपाठी महाराष्ट्राच्याच रणजी संघातला. ऋतुराज जायबंदी झाल्यावर ज्याला बोलावणे गेले तो सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे विरारचा. २०१९ च्या हंगामासाठी २० लाखांत घेतलेल्या मुलाला पुढे १८ कोटी देऊन ज्यांनी राखले आणि कर्णधार केले, ते त्याच्या मराठीपणाचा द्वेष करतात हे म्हणणे हास्यास्पद होय. परमुलखात राहणाऱ्यास प्रत्येक गैरसोयीत प्रांतद्वेष दिसू लागतो. हा आपला जुनाच रोग आहे.

खरा प्रश्न निराळा आहे. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी फलंदाजीची जी मांडणी केली, ती चाचपडणाऱ्या ऋतुराजला मानवणारी होती काय? आमचे स्पष्ट मत असे, की नव्हती.

ऋतुराजची फलंदाजी दांडगाईची नव्हे. चेंडू अंगावर येऊ द्यावा, मनगटाने त्याला वाट दाखवावी आणि मोकळ्या जागेतून तो सीमेपार जाताना पाहावा, अशी त्याची रीत. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, तेव्हा या रीतीला पुरते मोल येते. २०२० साली सुरुवातीच्या अपयशानंतर त्याने अखेरच्या तीन सामन्यांत सलग तीन अर्धशतके केली ती सलामीला येऊनच. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा केल्या आणि जोडीदार फाफ डु प्लेसी याने ६३३. २०२३ मध्ये त्याच्या ५९०, डेव्हन कॉन्वेच्या ६७२. दोन्ही वर्षी अजिंक्यपद चेन्नईकडे आले. ही घडी बसवणारेही फ्लेमिंगच, हे आम्ही विसरत नाही. म्हणून तर मोडल्याचे आश्चर्य वाटते.

ती का मोडली? आमचा तर्क असा, की एका यशाने चकवले. २०२३ मध्ये अजिंक्य रहाणेला तिसऱ्या क्रमांकावर मोकळीक मिळाली आणि संथ म्हणून हिणवला गेलेला हा गृहस्थ ३२६ धावा अशा वेगाने करून गेला, की वानखेडेवरच्या त्याच्या जुन्या चाहत्यांनीही डोळे चोळले. परंतु रहाणेजवळ तेव्हा गमावण्यासारखी जागाच नव्हती. ऋतुराजजवळ होती. २०२५ पूर्वी रहाणे कोलकात्याकडे गेला, अंबाती रायुडू त्याआधीच निवृत्त झालेला, आणि लिलावातून मधली फळी काही भरून निघाली नाही. पोकळी लिलावाने ठेवली आणि ती बुजवण्यास कर्णधार पुढे आला. संघाच्या समतोलासाठी आपण खाली येत आहोत, असे त्यानेच सांगितले होते.

येथे आम्हांस आमचेच दिवस आठवतात. हिशेबाच्या मेजावर आमचा हात बसला होता. आवक-जावकीची खुर्ची रिकामी झाली तेव्हा साहेबांनी सगळ्या विभागावर नजर फिरवली आणि जो कुरकुर करणार नाही त्याला, म्हणजे आम्हांस, तेथे बसवले. वर्षभरात आवक-जावक सुधारली नाही आणि हिशेब मात्र बिघडला. भिडस्त माणसाची कुवत ही कचेरीला फुकटची शिल्लक वाटते.

आता तिसऱ्या क्रमांकाचे फळ पाहू. पाच सामन्यांत धावा ५३, ०, ६३, ५ आणि १; एकूण १२२. पहिल्या चार सामन्यांत पहिला गडी दोन-तीन षटकांच्या आतच पडला, गुवाहाटीत तर पहिल्याच षटकात. म्हणजे ऋतुराज प्रत्यक्षात सलामीच करीत होता. फरक इतकाच, की गडी पडल्याचे दडपण घेऊन. पाचव्या सामन्यात, पंजाबविरुद्ध, सलामीची जोडी ६१ पर्यंत टिकली. तेव्हा खराखुरा तिसरा फलंदाज म्हणून तो आला आणि १ धाव करून परतला. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने त्याचा हंगामच संपला. ज्या त्रिपाठीसाठी हे सव्यापसव्य केले, त्याने सलामीच्या तीन डावांत २, ५ आणि २३ धावा केल्या व चौथ्या सामन्यात तो बाहेर बसला.

आक्षेप येईल, की याच क्रमांकावर मुंबईविरुद्ध त्याने २६ चेंडूंत ५३ धावा काढल्या. त्याआधी २०२४ मध्ये वानखेडेवर ६९ काढल्या होत्या. आणि डिसेंबर २०२५ मध्ये रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या क्रमांकावर येऊन ८३ चेंडूंत १०५ केल्या. सर्व कबूल. पण रायपूरचा सामना पन्नास षटकांचा होता. तेथे चौथ्यालाही बस्तान बसवायला वेळ मिळतो. वीस षटकांच्या धावपळीत तो मिळत नाही. ऋतुराज कोठेही खेळू शकतो हे यावरून सिद्ध होते. त्याला कोठेही खेळवावे हे नव्हे. स्वतः कर्णधार असून त्याने मान तुकवली, हा दोष त्याच्या पदरात घालण्यासही आमची हरकत नाही.

आमचे तमिळ स्नेही विचारतात, मग तिसऱ्या जागी धाडायचे कोणाला? उत्तर त्याच संघात होते. २०२२ साली हैदराबादकडून त्रिपाठीने ४१३ धावा केल्या, त्या मुख्यतः तिसऱ्या क्रमांकावर. जो तिसरा होता त्याला पहिला केला आणि जो पहिला होता त्याला तिसरा. स्नेह्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि बंगळुरूविरुद्ध धोनी नवव्या क्रमांकावर का आला, हा विषय काढला. त्यावर मात्र त्या संध्याकाळी दोन्ही पक्षांचे एकमत झाले.